कवळ्या हाडांची वाटी

आमच्या घरात कोंबडी शिजली की तिचे वाटे आधीच ठरलेले असत. दोन तंगड्या, एक तात्यांची आणि एक पाहुण्याची. पाहुणा नसला तर दोन्ही तात्यांच्या. तात्या म्हणजे माझे वडील. काळीज माझ्या थोरल्या भावाचं, संपतदादाचं. छातीचं मांस पुरुषांच्या पंगतीत फिरत फिरत संपायचं. मग पुरुष हात धुऊन सोप्यात सुपारी कातरत बसले की आई, नानी आणि मी चुलीपुढं भाकरी घेऊन बसायचो आणि पातेल्याच्या तळाशी पळी फिरवून बघायचो, आज काय राहिलंय. मान राहिलेली असे, पाठ असे, पंखांची टोकं असत. रस्सा मात्र भरपूर, कारण रश्श्यात पाणी ओतायला आमची आई कुणाच्या बापाला भीत नव्हती. नानी म्हणजे माझी धाकटी चुलती. काका फौजेत होते, वर्षाकाठी एकदा सुट्टीवर यायचे, म्हणून ती आमच्यातच राहायची आणि काकांच्या वाट्याचंही बोलून घ्यायची.

त्या उरलेल्यात माझा जीव कशात होता ते सांगते. कोंबडीच्या छातीच्या हाडाला खालच्या अंगाला एक पांढरं, चपटं, मऊ टोक असतं. पंखांच्या आणि तंगड्यांच्या सांध्यांवर तसल्याच पांढऱ्या टोप्या असतात. शिकलेली माणसं त्याला कूर्चा म्हणतात, आम्ही कवळं हाड म्हणायचो. धड हाड नाही, धड मांस नाही. दाताखाली घेतलं की कुर्र वाजतं, मग जरा चिवटपणा दाखवतं आणि शेवटी शरण येतं. तलंग असली, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, तर ते इतकं मऊ लागे की विचारू नका. म्हातारी असली की त्याचंही हाड झालेलं असे आणि आमची तोंडं पडत. पुरुषांना त्यात गोडी नव्हती. चुकून ताटात आलंच तर तात्या आईकडं बघून म्हणायचे, "ह्ये काय वाढलंस?" म्हणून आई ते आधीच तोडून बाजूला ठेवायची. तिचा एकच नियम होता: "वाकतंय ते खायाचं, टोचतंय ते टाकायचं." शेजारच्या गावात कुणाच्या तरी घशात हाडाची काडी अडकली होती, ती गोष्ट नानी दर कोंबडीला सांगायची आणि सांगता सांगता स्वतः मान फोडत बसायची. आम्ही तिघी एकदम चावायला लागलो की स्वयंपाकघरात जात्यावर हरभरा भरडल्यासारखा आवाज व्हायचा. सोप्यातून तात्या ओरडायचे, "आरं, त्या घरात माणसं जेवत्यात का उंदीर?"

आता मी सांगलीत मुलाकडं राहते. इथं कोंबडी पिशवीतून येते, साफ केलेली, बिनहाडाची. तिला हाडं होती की नाही हे सुद्धा माझ्या नातवाला ठाऊक नाही. मध्यंतरी माझे गुडघे बोलायला लागले, तर शीतल, माझी सून, औषधाच्या दुकानातून एक डबा घेऊन आली. त्यावर कोंबडीचं चित्र. आत पांढरी पूड. वाचून बघितलं तर कोंबडीच्या कूर्चेची. म्हणजे खाटकाच्या दुकानात जे काढून टाकायला सांगितलं, तेच वाळवून, दळून, डब्यात बसून पुन्हा घरी आलं, आणि येताना भाव खाऊन आलं. मी ती पूड दुधातून घेते आणि घेताना हसते. शीतलला वाटतं, आईंना चव आवडली.

तर संपतदादा. अंगानं भरलेला, पळायला लागला की कुत्री मागं पडायची. पण उंचीला कमी. फौजेच्या भरतीत आधी माप घेतात आणि मग पळवतात, आणि दादा पळायच्या आधीच बाहेर यायचा. अर्ध्या बोटानं. दोनदा साताऱ्याला जाऊन त्या अर्ध्या बोटापायी परत आला होता. आता एकच संधी उरली होती. त्याच्या पुढच्या भरतीला त्याचं वय बसणार नव्हतं. औंधच्या अलीकडचं आमचं गाव, सगळं कोरडवाहू. तिथं घरटी एक माणूस फौजेत, आणि न गेलेल्याला लोक "मग काय करतोयस?" असं तोंडावर विचारायचे. दादाला तर लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं. काका सुट्टीवर आले की त्यांच्या बुटांना पॉलिश करायचा मान त्याचा. दुसऱ्यांदा परत आला त्या दिवशी तो गोठ्यात वैरण टाकायला म्हणून गेला तो जेवायलाच आला नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून रडत होता. मला बघून म्हणाला, "शाले, डोळ्यात कुसळ गेलंय." दोन्ही डोळ्यांत कसं गेलं, असं मी विचारलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

उपाय सांगितला तालमीच्या वस्तादांनी. ते तात्यांचे दोस्त. माणूस प्रेमळ, पण जेवायच्या वेळेचा अंदाज त्यांचा कधी चुकला नाही. सोप्यात मांडी ठोकून बसले आणि म्हणाले, "तात्या, पोराला कवळं हाड चारा."

"त्यानं काय हुतंय?"

"झाड कुठनं वाढतंय? कवळ्या शेंड्यातनं. माणसाचं हाड बी तसंच. ज्येच्यातलं कवळं सरलं, त्येची वाढ सरली. मग भायेरनं घालाय नगो? दर ऐतवारी एका कोंबडीचं समदं कवळं हाड एका वाटीत. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा न्हाई."

"आन बाकीची कोंबडी?" तात्यांनी विचारलं.

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "ती वाया थोडीच घालवायची? मी येतो की."

अशा रीतीनं दर रविवारी आमच्या घरी कोंबडी कापायचं ठरलं. ऐकायला किती छान वाटतं! पण आमच्या चुलीपुढं सुतक पडलं. आजवर जे पुरुषांनी नाक मुरडून टाकलं, ते एका दिवसात औषध झालं आणि पुरुषांच्या पंगतीला गेलं. मांस त्यांचं होतंच, आता कवळं हाडही त्यांचं. नानी भाकरी थापता थापता म्हणाली, "आता आमी काय पिसं खायाची व्हय?" आईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. दादा उंच व्हावा यासाठी तिनं स्वतःचं हाड काढून दिलं असतं. आणि त्या वाटीची राखण कुणाकडं दिली असेल? माझ्याकडं. कवळं हाड कुठं कुठं असतं हे घरात माझ्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून शिजल्यावर ते निवडून वाटीत भरायचं काम माझं. मांजराला दुधाची राखण दिली आणि वर शाबासकीही दिली.

पहिल्या रविवारी मी अगदी इमानानं वाटी भरली. दादानं डोळे मिटून ती कशीबशी संपवली. त्याला ते मुळीच आवडत नव्हतं. एरंडेल घेतल्यासारखा गिळत होता, चावतसुद्धा नव्हता. ते बघून मला जो राग आला! पुढच्या रविवारी माझी नजर देवळीतल्या नारळाच्या भकलाकडं गेली. तात्या दर शनिवारी मारुतीला नारळ फोडायचे आणि अर्धं भकल घरी आणायचे. खोबऱ्याचे बारीक तुकडे केले, रश्श्यात एक उकळी दिली, तांबडा रंग धरला. वाटीत टाकले तर मलाच क्षणभर ओळखू येईनात. खरी कवळी हाडं माझ्या परकराच्या ओच्यात आणि मी परसात, पेंढ्यांच्या गंजीच्या आडोशाला. आईच्या नियमानं खाल्ली, वाकतं ते, नीट चावून. दादानं वाटी संपवली आणि म्हणाला, "आज जरा गोड लागतंय." मी म्हटलं, "तांबडी कोंबडी हुती ना दादा, तांबडीचं गोडच आसतंय." वस्ताद तंगडी ओढता ओढता म्हणाले, "बरोबर बोलतीय पोरगी."

मग काय, दर रविवारी दादाला खोबरं आणि मला कोंबडी. नानीला दुसऱ्याच खेपेला वास लागला. तिनं मला परसात गाठलं, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि ती आता बोंब मारणार असं वाटत असतानाच हात पुढं करून म्हणाली, "मला?" त्या दिवसापासून गंजीच्या आडोशाला आम्ही दोघी.

दादाला मात्र धीर निघत नव्हता. सकाळी अंथरुणातून उठला की पहिल्यांदा मला हलवून जागं करायचा. माजघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहायचा आणि मी पाटावर चढून त्याच्या डोक्यावर सूप आडवं धरून कोळशानं रेघ मारायची. एका सोमवारी सकाळी रेघ चक्क वर गेली. अर्धं बोट! दादानं मला उचलून गरागरा फिरवलं. "आत्ताच कुणाला सांगू नगंस. पक्कं हुंदे." संध्याकाळी रानातून आला, पुन्हा उभा राहिला, तर रेघ होती तिथंच खाली. दुसऱ्या सकाळी पुन्हा वर. संध्याकाळी पुन्हा खाली. दादा म्हणाला, "तुझा हात हालतोय." माझा हात हलत नव्हता, आणि त्याच्या पोटात खोबरं होतं हेही मला ठाऊक होतं. म्हणजे वर चढणारं ते अर्धं बोट कोंबडीचं नव्हतंच. ते झोपेचं होतं. रात्री आडवा झाला की दादा लांब व्हायचा आणि दिवसभर उभा राहिला, पळाला, पाट्या उचलल्या की पुन्हा दबायचा. हे मला कळलं होतं, पण सांगायचं कसं? सांगितलं असतं तर खोबऱ्याचं सांगावं लागलं असतं.

परवा गुडघे दाखवायला गेले तेव्हा हे सगळं मी डॉक्टरणीला सांगितलं. मुलगी तरुण आहे, पण शांतपणे ऐकून घेते. ती म्हणाली, "आजी, पाठीच्या मणक्यांच्या मधे कूर्चेच्या चकत्या असतात. दिवसभरात त्या दबतात, रात्री झोपेत पाणी धरून फुगतात. सकाळी प्रत्येक माणूस थोडा उंच असतो." मी विचारलं, "आणि वस्ताद?" ती हसली. "तेही अर्धे बरोबर होते. वाढत्या पोरांची हाडं टोकाच्या कूर्चेतूनच वाढतात. पण तुमच्या भावाच्या वयाला त्या कूर्चेचं हाड होऊन गेलेलं असतं. आणि खाल्लेली कूर्चा काही तिथं जाऊन बसत नाही. पोटात ती इतर मांसासारखीच पचते." मग मी खाऊ की नको? "खा की. चांगली शिजवून, नीट चावून. अंगाला प्रथिनं मिळतील. फक्त टोकदार हाडं गिळू नका आणि गुडघ्यांना नव्या टोप्या येतील अशी आशा धरू नका." म्हणजे आमच्या आईचाच नियम, फक्त तपासणीची फी देऊन ऐकला.

मी पकडली गेले ती माझ्याच उंचीमुळं. भरती जवळ आली तशी एका संध्याकाळी तात्यांनी वस्तादांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर दादाला चौकटीला उभं केलं. रेघ तिथंच. गेल्या वर्षीच्या रेघेवर नवी रेघ बसली, केसभरही इकडे तिकडे नाही. दादाचा चेहरा असा पडला की मला बघवेना. वस्ताद विड्याचं पान चुरगळत म्हणाले, "आसं हुयाला न्हाई पायजे." आणि तेवढ्यात आईची नजर माझ्या पायांकडं गेली. माझा परकर घोट्याच्या बराच वर होता. "हिच्या परकराची दुमड आत्ताच तर सोडली हुती मी," आई म्हणाली. तात्यांनी माझ्या दंडाला धरून चौकटीला उभं केलं. माझीही रेघ तिथं होती, दिवाळीची. मी तिच्या चार बोटं वर गेले होते.

सगळे माझ्याकडं बघत राहिले. त्या वयात पोरी तशाही ताडमाड वाढतात, पण ते त्या घडीला कुणाच्या मनात यायला? वस्तादांनी निकाल दिला, "आवशीद लागू पडलंय, तात्या. पर भलत्याच अंगाला."

"शाले," तात्या म्हणाले, "वाटीत काय हुतं?"

मी नानीकडं बघितलं. नानी आढ्याकडं बघत होती.

"खोबरं."

"मंजी मारुतीचं नारळ..." आईनं कपाळावर हात मारला. "आन मी म्हंती उंदरं लय झाल्यात."

तात्यांनी दादाला विचारलं, "आरं, तुला खोबरं कळलं न्हाई?" दादा बिचारा म्हणाला, "मी चावतच नव्हतो, तात्या. वाटलं, हाडच गोड आसंल." नानीला हसू आवरेना, ती पदर तोंडात कोंबून चुलीकडं पळाली. माझ्या पाठीत पहिला धपाटा आईचा पडला, दुसरा तात्यांचा. तिसरा दादाचा पडेल म्हणून मी डोळे मिटले, पण पडला नाही. उघडून बघितलं तर तो चौकटीला टेकून नुसता उभा होता. मारला असता तर बरं झालं असतं. मी रडत रडतच बोलून गेले, "मारा मला, पर दादा सकाळी उंच आसतोय! झोपून उठल्यावर माप घ्या!"

कुणाचा विश्वास बसेना. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला पाय जमिनीला लावू दिला नाही. तात्या आणि वस्तादांनी त्याला घोंगड्यासकट उचलून चौकटीशी आणलं आणि हळूच उभा केला. रेघ अर्धं बोट वर. तात्यांनी स्वतः सूप धरलं होतं. वस्ताद बराच वेळ चौकट न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "मग दिसभरात जातंय कुठं त्ये?" नानी म्हणाली, "पळतोय न्हवं ढोरासारखा. झिरपत आसंल." आता प्रश्न एकच होता. भरती साताऱ्याला. आमच्या गावापासून तिथवर जायचं, रांगेत उभं राहायचं, तोवर अर्धं बोट झिरपून जायचं. तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. "उपाय हिनं काडलाय, हिला बी संगं घ्या. न्हाई जमलं तर तितंच सोडून येतो."

मग जे झालं ते आमच्या गावात अजून सांगतात. मेंढ्या वाहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा टेम्पो आदल्या संध्याकाळीच दारात आणून लावला. आत वैरण पसरली, तिच्यावर गादी, गादीवर दादा. टेम्पोत चढायला लागू नये म्हणून तो झोपला आतच. पहाटे निघालो. मी त्याच्या उशाशी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेलं. पायथ्याशी वस्ताद, दादाचे घोटे धरून ओढत बसलेले. तात्या ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला त्याला शिव्या देत होते. दादाला पाणी पाजायचं ते किटलीच्या तोटीनं. वाटेत तो कळवळून म्हणाला, "वस्ताद, लघवीला लागलीय." वस्ताद म्हणाले, "दम धर गड्या. देशासाठी लोक काय काय सोसत्यात." टेम्पोला मेंढ्यांचा वास इतका होता की मी तोंडानं श्वास घेत होते. मधे रेल्वेचं फाटक लागलं. टेम्पो थांबला तशी माणसं डोकावली. आडवा माणूस, अंगावर पांढरी चादर, उशाशी पोरगी, पायथ्याशी मिशीवाला. एका म्हातारीनं हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, "कवा गेलं वं?" चादरीखालून दादाच बोलला, "आजून न्हाई गेलो म्हातारे, चाललोय. भरतीला." म्हातारी जी पळाली ती फाटकाच्या पल्याड.

मैदानावर त्या वेळी आतासारखी कडक शिस्त नव्हती. तात्यांनी आणि वस्तादांनी घोंगड्याचे चार कोपरे दोघांत वाटून घेतले आणि दादाला रांगेत जमिनीवर ठेवला. रांग सरकली की घोंगडं सरकायचं. मी दोरीच्या बाहेर, चपला हातात घेऊन. पुढचे मागचे पोरगे खदाखदा हसत होते. "आरं, ह्येला पळवायचं का जाळायचं?" दादा आकाशाकडं बघत पडून होता आणि त्याचे ओठ हलत होते. मारुतीचं नाव घेत असावा. त्याच मारुतीचं खोबरं मी त्याला चारलं होतं, आता मारुतीनं मनात धरू नये म्हणजे झालं.

मापाच्या जवानानं खाली बघितलं आणि तो डाफरला, "बीमार आदमी को क्यों लाया?" दादा घोंगड्यावरून ताडकन उठला, फळीला पाठ लावली आणि म्हणाला, "बीमार न्हाई साब. उंच हाय." जवानानं वरची फळी खाली आणली. टेकली. वाकून आकडा बघितला, टाचा बघितल्या, पुन्हा आकडा बघितला. मला दादाचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हाताच्या मुठी दिसत होत्या. मग जवानानं त्याच्या खांद्यावर थाप मारली. "ठीक है. आगे." दादा पुढं गेला नाही, तो पळालाच, आधी कोपऱ्यातल्या झाडामागं आणि मग पळायच्या रांगेत. पळण्यात तर त्याला कोण अडवणार होतं? मी दोरीला धरून मोठ्यानं रडत होते आणि तात्या मला गप्प करता करता स्वतः नाक पुसत होते. आमचं बघून मागचे सगळे बुटके पोरगे पटापट जमिनीवर आडवे झाले होते. दुपारपर्यंत अर्धं मैदान झोपलेलं, आणि साहेब ओरडत फिरत होता, "ये भरती है या अस्पताल?"

गावात आल्यावर वस्तादांनी सगळ्यांना सांगितलं की पोरगं कवळ्या हाडानं उंच झालं. खोबऱ्याचा विषय त्यांनी गाळला. पुढची कितीतरी वर्षं आमच्या पंचक्रोशीत भरती जाहीर झाली की कोंबड्यांची धडगत नसायची, आणि वस्ताद घरोघरी उपचार बघायला जायचे.

दादा ट्रेनिंगला जायच्या आधी घरात शेवटचा कोंबडा कापला. आईनं कांदा-लसणाची चटणी घालून रस्सा असा केला होता की गल्लीच्या तोंडाशी वास जात होता. ताटं घ्यायची वेळ झाली तर दादा स्वयंपाकघरात आला, आईच्या हातातली पळी घेतली आणि म्हणाला, "आज तुमी तिघी आदी बसा. मी वाढतो." आई म्हणाली, "खुळा का काय? तात्या..." तात्या दारातच उभे होते. "बैलास्नी पाणी दावून येतो," म्हणून बाहेर गेले. बैलांना पाणी दाखवून घटकाही झाली नव्हती.

आई पाटावर अवघडून बसली, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखी. दादानं पातेल्यातून निवडून तंगडी काढली आणि तिच्या ताटात ठेवली. आईनं ती एकदा फिरवून बघितली. मग बोटांनी सगळं मांस सोडवलं, अर्धं माझ्या भाकरीवर ठेवलं, अर्धं नानीच्या. टोकाची पांढरी टोपी तेवढी तोडून तोंडात टाकली. कुर्र वाजलं. दादा पळी हातात धरून उभाच होता. म्हणाला, "आये, आज तरी मांस खा की."

"मला ह्येच आवडतंय," आई म्हणाली आणि चावत राहिली.

गेल्या रविवारी शीतलनं मुद्दाम माझ्यासाठी गावरान कोंबडी आणली, हाडांसकट, आणि पहिली तंगडी माझ्या ताटात वाढली. मी मांस नातवाच्या ताटात सरकवलं आणि टोपी तोंडात टाकली. शीतल बघत होती. म्हणाली, "आई, तुम्हाला खरंच ते आवडतं, का आमच्यासाठी मांस ठेवता?"

"खरंच आवडतं," मी म्हटलं. आणि माझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मी ते चोरून खाल्लंय, त्यापायी धपाटे खाल्लेत, मारुतीच्या नारळाला हात घातलाय. आईला मात्र ते कधी चोरावं लागलं नाही. तिच्या ताटात दुसरं काही येतच नव्हतं.